‘कुणी त्रास देणार नाही’ एवढंच पुरेसं नाही

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. गणित, भौतिकशास्त्रात खूप हुशार. पण शाळेत मित्र असा एकही नाही. मधली सुट्टी लायब्ररीत काढतो. चारचौघांत गप्प बसतो, नाहीतर आपल्याच विषयावर बोलत सुटतो. एका शिक्षकांनी ऑटिझमसाठी तपासून घ्या म्हणून सुचवलं, पण आम्ही ते टाळलं. दोन कॉलेजं डोळ्यासमोर आहेत : एक मोठं, नावाजलेलं, दुसरं लहान, शांत. लहान कॉलेजात त्याला कुणी त्रास देणार नाही, असं वाटतं. काय करावं?

उत्तर : ताई, ‘कुणी त्रास देणार नाही’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यामागे किती वर्षांची काळजी असेल, ते समजतं. तरीही तेवढ्यावर कॉलेज ठरवू नका. ज्याच्याशी कुणी भांडत नाही आणि कुणी बोलतही नाही, असा मुलगा सगळी वर्षं खोलीत काढू शकतो. मार्क चांगले पडत असले, की घरी कुणाला पत्ताही लागत नाही.

अशा मुलांना नुसत्या गप्पा जमत नाहीत. मधे काहीतरी लागतं : एखादा प्रयोग, अडलेलं गणित, न चालणारा रोबोट. हात कामात गुंतले की तोंड आपोआप उघडतं. म्हणून मी आधी हे बघते, की तीच मुलं त्याच कामासाठी दर आठवड्याला भेटतात का. प्रॅक्टिकलची बॅच किती जणांची? ती वर्षभर तीच राहते का? सहाच सदस्य असले तरी नियमित भरणारं गणित मंडळ हे वर्षातून एकदा गाजणाऱ्या महोत्सवापेक्षा तुमच्या मुलाच्या जास्त कामाचं.

विन्सेंट टिंटो या अभ्यासकांनी १९७५ मध्ये मांडलं होतं, की विद्यार्थी कॉलेजात टिकायचा तर अभ्यासाशी जुळावं लागतं, तसं तिथल्या माणसांशीही. म्हणजे सगळ्यांचं लाडकं व्हायला हवं असं नाही. दोन मित्र आणि शंका घेऊन केव्हाही जाता येईल असे एक सर किंवा मॅडम मिळाले, तर मी निश्चिंत होईन.

लहान कॉलेज आपुलकीचं असेलच असं नाही. पहिल्या महिन्यात ग्रुप ठरले आणि हा बाहेर राहिला, तर तिथे दुसरा ग्रुपच नसतो. मोठ्या कॉलेजात त्याच्यासारखे आठ-दहा जण नक्की असतात, पण भरलेल्या लेक्चर हॉलमधून त्यांच्यापर्यंत त्याला स्वतःहून जावं लागतं, आणि नेमकं तेच त्याला अवघड जातं. म्हणून तिथे विचारा, की पहिल्या वर्षाच्या मुलांना मेंटॉर असतो का आणि तो खरंच भेटतो का.

बघायला जाल तेव्हा सजवलेल्या ओपन डेला नको, एखाद्या साध्या दिवशी दुपारी जा. शिक्षकांच्या खोल्यांबाहेर थोडा वेळ थांबा. मुलं शंका घेऊन येतात का? मग विचारा, ‘एखादा विद्यार्थी दोन आठवडे दिसला नाही, तर कुणाच्या लक्षात येतं?’ उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर ते कॉलेज माझ्या यादीत वर जाईल.

तपासणी मात्र आता टाळू नका. निदान झालंच, तर अनेक ठिकाणी परीक्षेला जादा वेळ किंवा वेगळी खोली मिळू शकते. त्यासाठी तज्ज्ञांचा लेखी अहवाल लागतो. शिक्का बसेल ही तुमची भीती खरी आहे, पण नाव नसलेल्या अडचणीसाठी तो आजवर स्वतःलाच दोष देत आला असेल, तर ते जास्त वाईट.

आणि एक गोष्ट. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याला काय हवंय, हे कुठेच आलं नाही. त्याला दोन्ही कॉलेजांतल्या एकेका प्राध्यापकांना ईमेल लिहू द्या, सध्या त्याच्या डोक्यात घोळणाऱ्या प्रश्नाबद्दल. मजकूर तुम्ही सुधारू नका, लांबला तरी लांबू द्या. काय उत्तरं येतात ती त्यालाच आधी वाचू द्या, मग मला कळवा.