सासऱ्यांची मॅनहाइमवारी: आधी माणूस, मग तिकीट

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: सासरे अमेरिकन, १९७० ते ७२ अशी दोन वर्षं आर्मीत, जर्मनीतल्या मॅनहाइमच्या सलिव्हन बॅरॅक्स या छावणीत. आता वय ७६. बरोबरच्या तिघाचौघांचा पत्ता लावून एकदा सगळ्यांनी मिळून तिकडे जाऊन यायचं त्यांनी डोक्यात घेतलंय, आणि शोधाशोधीचं काम नेहमीप्रमाणे सुनेकडे आलंय. विमानाच्या तिकिटाला आत्ता सूट आहे, काढू का, असं तुम्ही विचारलंय.

काढू नका. निदान अजून तरी.

मी मॅनहाइमजवळ १९ वर्षं राहतोय. ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याचे वडील असेच आले होते, त्यांना मी गाडीतून फिरवलं. मग त्यांच्या ओळखीने आणखी पाचसहा जण आले. हे पहिले आजोबा एकटेच आले होते. त्यांना बेंजामिन फ्रँकलिन व्हिलेजला, म्हणजे अमेरिकन सैनिकांच्या कुटुंबांच्या जुन्या वसाहतीत, नेलं. सलिव्हन बॅरॅक्स त्यालाच लागून. आता तिथे फ्रँकलिन नावाची नवी वसाहत आहे. काही जुन्या इमारती डागडुजी करून ठेवल्यात, बाकी सगळं नवं: सायकली, बाबागाड्या, मुलांची घसरगुंडी. आजोबा हातात एक कृष्णधवल फोटो धरून फुटपाथवर अर्धा तास उभे. काहीच जुळेना. शेवटी त्यांनी ओहायोतल्या मित्राला फोन लावला. तिकडे पहाटेचे पाच. मित्र शिव्या घालतच उठला आणि म्हणाला, "अरे, सकाळच्या फॉर्मेशनला, रांगेत उभं राहताना, ऊन सरळ डोळ्यांत यायचं, आठवतं का?" आजोबा जागच्या जागी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, आणि मग मेस कुठे, मोटर पूल (गाड्यांचं आवार) कुठे, गेट कुठे, हात करकरून मला दाखवायला लागले. तिथे त्यातलं काहीच नव्हतं. पण पुढची चाळीस मिनिटं फोन चालू होता आणि मी गाडीत बसून पार्किंगचं घड्याळ बघत होतो.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, निदान एक जोडीदार सापडल्याशिवाय येऊ नका. प्रत्यक्ष नसला तर फोनवर तरी हवा.

आता माणसं शोधायची कशी. आपल्याकडे शाळेतला मित्र जन्मभर "जोश्या" नाहीतर "पाटल्या" असतो, तसंच यांचं. अमेरिकन गणवेशावर छातीला आडनावाची पट्टी असते, त्यामुळे सासऱ्यांना आडनावं पाठ असतील आणि पाळण्यातलं नाव एकाचंही नाही. आडनावाबरोबर तो कुठल्या राज्यातला होता, घरी शेती होती की बापाचं गॅरेज, हे विचारून घ्या. शोध त्यावरच लागतो. जुन्या फोटोंची मागची बाजू आणि घरी पाठवलेल्या पत्रांची पाकिटं बघा, त्यांवर युनिटचं नाव आणि एपीओ, म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाचा, क्रमांक असतो. युनिट नक्की कळलं की त्याची माजी सैनिक संघटना शोधायची. अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या मासिकात रियुनियनच्या सूचना येतात, तिथेही नजर टाका.

कागदपत्रं सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मागवता येतात. तिथे १२ जुलै १९७३ ला मोठी आग लागली होती आणि १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या, हे ऐकून बरेच जण हातपाय गाळतात. पण आर्मीपुरतं बोलायचं तर ते नुकसान १९६० च्या आधी सेवामुक्त झालेल्यांचं. सासरे ७२ चे, त्यांची फाइल शाबूत असायला हवी. त्यांच्या डीडी-२१४ ची, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्याची, प्रत घरात नसेल तर आधी ती मागवा. शिवाय त्या काळी प्रत्येक कंपनीचा रोज मॉर्निंग रिपोर्ट निघायचा: कोण नवा आला, कोण दवाखान्यात, कोणाची बदली. मित्रांची पूर्ण नावं त्यात मिळू शकतात. वेळ लागतो, म्हणूनच तिकिटाची घाई नको.

एक नाजूक गोष्ट. शोधायच्या माणसांत एखादी जर्मन मैत्रीण आहे का, हे सासऱ्यांना एकटं गाठून विचारा, सासूबाईंसमोर नको. इथल्या नोंदणी कार्यालयातून फी भरून एखाद्याचा सध्याचा पत्ता मिळू शकतो, पण नाव आणि जन्मतारीख किंवा जुना पत्ता नेमका द्यावा लागतो. आणि तिकडची बाई सुद्धा आता कोणाची तरी आजी असेल, तेव्हा दारात जाऊन उभं राहण्याआधी पत्र टाका.

तळावर आत जाता येईल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. बहुतेक नाही. अमेरिकेत व्हेटरन आणि रिटायरी यांत फरक आहे. वीसेक वर्षं नोकरी करून पेन्शनीत गेलेला तो रिटायरी. त्यालाच लष्करी विमानात जागा उरली तर इथल्या रामश्टाइनच्या अमेरिकन हवाई तळापर्यंत येता येतं. दोन वर्षं ड्यूटी केलेल्या सासऱ्यांना ती सोय नाही, गार्मिशच्या एडलवाइस लॉज या अमेरिकन लष्कराच्या हॉटेलातही तेवढ्यावर खोली मिळत नाही. चालू तळाचे कुंपणाबाहेरून फोटोही काढू नका, जर्मन कायद्यात ते महागात पडू शकतं.

खरं तर आत जाण्यासारखं फारसं उरलेलंही नाही. ८० च्या दशकात जर्मनीत अडीच लाखांच्या आसपास अमेरिकन सैनिक होते, आता पस्तीसेक हजार. मॅनहाइमच्या स्पिनेली बॅरॅक्सच्या जागी २०२३ मध्ये बागांचं राष्ट्रीय प्रदर्शन भरलं. हायडलबर्गचं अमेरिकन आर्मीचं मुख्यालय २०१३ मध्ये वीसबाडेनला गेलं. हायडलबर्गच्या मार्क ट्वेन सेंटरला मात्र जरूर न्या, अमेरिकन काळाच्या आठवणी ते जपतात. सासऱ्यांकडे जुन्या स्लाइड असतील तर आधी ईमेल करा, आनंदाने बघतील. मॅनहाइमचं मार्किवुम, म्हणजे शहराचा दप्तरखाना, एका जुन्या युद्धकालीन बंकरमध्ये आहे.

आणि फुल्डाकडे एक दिवस राखाच. गाइसाजवळ पॉइंट अल्फा आहे. जुना पूर्व-पश्चिम सीमेवरचा अमेरिकन टेहळणी बुरूज आणि समोर पूर्व जर्मनीचा, दोन्ही एकमेकांकडे बघत उभे. सोव्हिएत रणगाडे आलेच तर याच फुल्डा खिंडीतून येतील, असं धरून यांची सगळी तयारी चालायची. माझ्याबरोबर आलेले एक आजोबा तिथे काही बोललेच नाहीत. शेजारच्या गावात कॉफी पिताना मात्र सांगायला लागले, सरावात त्यांच्या रणगाड्याने एका शेतकऱ्याचं बिटाचं शेत नांगरून टाकलं होतं. भरपाई करणारा अधिकारी मागून यायचाच. शेतकऱ्याने यांना आत बोलावून सूप पाजलं होतं. गावाचं नाव आठवत नव्हतं, सुपाची चव आठवत होती.

राहता राहिला खर्च आणि तब्येत. मूळ मेडिकेअर, म्हणजे अमेरिकन ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, अमेरिकेबाहेर सहसा चालत नाही, प्रवास विमा घ्याच. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असं आधीच सांगा, नाहीतर हाती गिअरची येईल. स्टेशनावरची लिफ्ट बंद असू शकते आणि जुन्या गावांतले दगडी रस्ते गुडघ्यांचा जीव घेतात, म्हणून दिवसाला एकच ठिकाण. बऱ्याच हॉटेलांत एसी नसतो, जुलै-ऑगस्ट टाळा, सप्टेंबर उत्तम. रविवारी दुकानं बंद. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर तुम्हाला शेंगेन व्हिसा लागेल. सासऱ्यांना लागत नाही म्हणून घरचे तुमचा विसरतात, हे मी दोनदा पाहिलंय.

युनिट आणि आडनावं कळली की इथेच लिहा. सप्टेंबरात येणार असाल तर एखादा शनिवार मी गाडी घेऊन येतो. ऑक्टोबरात मी आईकडे पुण्यात असतो.