मी खरे तेच बोललो, मग चुकले कुठे?

"मी कधी खोटे बोलत नाही, तोंडावर एक आणि पाठीमागे एक असेही वागत नाही, तरी घरात माझ्याशी कोणी मोकळेपणाने बोलत नाही," अशी तक्रार घेऊन पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मंडळीत, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, त्यांना मान होता. सौम्य बोलायचे तर सत्याला मुरड घालावी लागेल आणि ते आपल्या विश्वासात बसत नाही, ही त्यांची खरी अडचण होती. हा पेच घेऊन येणारे विश्वासणारे मला वारंवार भेटतात.

मी त्यांना अलीकडचा एक प्रसंग शब्दाला शब्द सांगायला लावला, कारण "मी जरा रागावलो" एवढ्यावरून प्रत्यक्ष काय बोलले गेले ते कधीच कळत नाही. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलाने उपासनेत पहिल्यांदाच शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, सर्वांसमोर वाचला होता. घरी आल्यावर तो दारात वाकून बुटांच्या नाड्या सोडत असताना हे म्हणाले, "काय वाचलेस ते एकाला तरी कळले का?" मुलगा काही बोलला नाही. पुढे वाचनासाठी विचारणा झाली, तेव्हा त्याने नकार दिला.

"पण तो खरोखरच फार भरभर वाचत होता," गृहस्थ म्हणाले. असेलही, त्याबद्दल माझा वाद नव्हता. मी एवढेच विचारले की, तुमच्या त्या वाक्यात वेगाचा उल्लेख कुठे आहे? ते बराच वेळ गप्प राहिले. जे सत्य सांगितल्याचे समाधान ते बाळगून होते, ते त्यांनी सांगितलेलेच नव्हते. मुलापर्यंत पोहोचला होता तो केवळ उपहास.

मग आम्ही बायबलच्या नव्या करारातील, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा 4था अध्याय सावकाश वाचला. त्यातले 25वे वचन खोटे टाकून खरे बोला असेच सांगते, त्यामुळे सत्य सोडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मात्र 29व्या वचनात पौल कुजके भाषण तोंडातून निघू देऊ नका म्हणतो, आणि तिथला मूळ ग्रीक शब्द 'साप्रोस' मत्तयाच्या शुभवर्तमानात (13:48) जाळ्यातून निवडून फेकून दिलेल्या माशांसाठी आला आहे. म्हणजे हे वचन केवळ शिवीगाळीपुरते नाही. ऐकणाऱ्याच्या पदरी घेण्याजोगे काहीच न टाकणारे बोलणेही त्यात येते, असे मला वाटते. त्याच वचनात पौल बोलण्याला गरज आणि उन्नती हे माप लावतो, आणि ती गरज ऐकणाऱ्याची असते, बोलणाऱ्याची नव्हे. दारात वाकलेल्या त्या मुलाची गरज काय होती, हे गृहस्थांनी स्वतःच शोधले: आधी पाठीवर हात, आणि वेगाची गोष्ट दुसऱ्या दिवशी.

मी त्यांना कौतुक करा असे सांगितले नाही. ओढूनताणून केलेली स्तुती मुलांना लगेच कळते आणि तीही एक प्रकारची लबाडीच असते. मी सुचवली ती क्षमायाचना, आणि तीही "पण" हा शब्द न वापरता. बापाने मुलाची क्षमा मागायची, हे पचायला त्यांना दोन भेटी लागल्या. अखेर ते मुलाला म्हणाले, "तू भरभर वाचलेस, एवढेच मला सांगायचे होते. मी तुझा अपमान केला, ते चुकले."

मुलगा लगेच विरघळला वगैरे नाही. "बरं," म्हणून तो आपल्या खोलीत गेला. तीन महिन्यांनी त्याने पुन्हा शास्त्रपाठ वाचला. तेव्हा वडिलांनी घरी येऊन त्याला सांगितले, "मधे तू थांबलास ना, तिथे मला अर्थ नीट कळला." त्यावर तो हसून म्हणाला, "पप्पा, तिथे माझी ओळ चुकली होती."