लहान डर्ट बाइकचे गिअरिंग बदलण्याआधी

मुळशीच्या चढांवर तुमच्या गाडीची दमछाक होत असेल, तर इंजिनाला हात लावण्याआधी पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चाक) एका दाताने लहान करून पाहा. पुढे 14 आणि मागे 42 दाते असतील तर गुणोत्तर (मागचे दाते भागिले पुढचे) 3 येते. पुढे 13 लावल्यास ते 3.23 होते, म्हणजे ओढ सुमारे आठ टक्क्यांनी वाढते आणि त्या त्या गिअरमधला वेग जवळपास तेवढाच उतरतो. हाच परिणाम मागून साधायचा तर 45 दात्यांचे स्प्रॉकेट लागते आणि बहुधा चेनही लांब घ्यावी लागते.

पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जाताना जुने स्प्रॉकेट सोबत न्या, कारण चेनची पिच (लगतच्या दोन पिनांमधले अंतर) आणि शाफ्टच्या खाचा तंतोतंत जुळायला हव्यात. त्याचे दाते एका बाजूला झुकून हुकासारखे झाले असतील, तर चेनसकट पूर्ण संच बदला; नव्या दात्यांवर ताणलेली चेन चढवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

ताकद वाढवायला मोकळा सायलेन्सर लावण्याचा आग्रह मला मुळीच पटत नाही. आधी फोमचा एअर फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून बसवा. तरीही सायलेन्सर बदललाच, तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) तपासून घ्या. स्पार्क प्लगचे टोक पांढरेफटक दिसत असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडत असण्याची दाट शक्यता आहे.