वाचकांचे प्रश्न: अभिषेकीबुवा ऐकायचे तरी कसे?

प्रश्न: मी फोंड्याला राहते, वय २४. आमच्या घरी रोज सकाळी बाबा जितेंद्र अभिषेकी लावतात. जत्रेच्या नाटकात पदं सुरू झाली की मी मोबाईल काढते, सगळी पदं सारखीच वाटतात मला. बाबा म्हणतात तुला कानच नाही. गायक म्हणून मोठे हे कळतं, पण संगीतकार म्हणून मोठे म्हणजे नक्की काय, आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर: कान नाही बिन काही नाही गं, बाबांना सांग. जत्रेत होतं काय, पद सुरू झालं की सगळे तानेची वाट बघत बसतात, वन्स मोअर पडतो, ऑर्गनवाला पण रंगात येतो आणि या सगळ्यात मूळ चाल कुठे गेली ते कुणाला कळतच नाही. तू ती चाल शोध. ताना सोडून दे सध्या.

'कट्यार काळजात घुसली'पासून सुरू कर, १९६७ चं नाटक, संगीत अभिषेकींचं. त्यात दोन घराण्यांचं भांडण आहे, पंडितजी एकीकडे आणि खांसाहेब दुसरीकडे, म्हणजे संगीतकाराला एकाच नाटकात दोन माणसांच्या डोक्याने चाली बांधायच्या होत्या. 'घेई छंद मकरंद' हे मधाच्या नादी लागलेल्या भुंग्याचं पद दोन्ही बाजूंना आहे, शब्द तेच. प्रसाद सावकारांचं धानी रागातलं ऐक, शांत, शब्द नीट ठेवत जाणारं. मग लगेच वसंतराव देशपांड्यांचं सालगवराळी रागातलं लाव, तिथे तोच भुंगा एकदम अंगावर येतो! दोन्ही पाठोपाठ ऐकलीस ना, की 'सारखंच वाटतं' हे परत म्हणणार नाहीस, पैज.

मग 'हे सुरांनो चंद्र व्हा'. नाटक 'ययाती आणि देवयानी', शब्द कुसुमाग्रजांचे, राग चारुकेशी, जो मुळात कर्नाटक संगीतातला. खालचे सूर सगळे उजळ आणि वरचे धैवत निषाद (ध आणि नी) कोमल, म्हणजे किंचित उतरलेले, त्यामुळे एकाच ओळीत चांदणं पण असतं आणि हुरहूर पण. प्रियकराला निरोप धाडणाऱ्या पदाला हा राग सुचणं, मला विचारशील तर ह्यातच संगीतकार दिसतो, गळा नंतर.

'मत्स्यगंधा' १९६४ चं. आधीच्या नाटकांत पद लागलं की गोष्ट ताटकळत उभी राहायची, अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, प्रसंगाला चिकटून. रामदास कामतांचं (तेही गोव्याचेच) 'गुंतता हृदय हे' लाव आणि पहिली ओळ स्वतः गुणगुणून बघ, एकही तान न घेता. नुसती गुणगुणली तरी पुरी वाटते, हो की नाही?

आणि मंगेशी तुझ्यापासून किती लांब, वीसेक मिनिटं. बुवांचा जन्म तिथलाच, १९२९ चा, वडील मंगेशाचे पुजारी आणि कीर्तनकार. शब्द आधी ऐकणाऱ्यापर्यंत पोचला पाहिजे ही कीर्तनकाराची सवय, ती चालींत उतरलीय असं मला तरी वाटतं (कुणी वाद घालेल, घालू दे). ते पटतं का बघायला 'अबीर गुलाल उधळीत रंग' ऐक. अभंग चोखोबांचा, आवाज खुद्द बुवांचा. हा मात्र सकाळी बाबांबरोबर बसूनच ऐक, मोबाईल आत ठेवून.