इंडोनेशियातल्या एखाद्या लहान मच्छीमार गावात समुद्रालगत जागा घेऊन कायमचं राहावं का?

तुम्ही लिहिलंय की वय बेचाळीस आहे, नोकरी घरून करता येते, बालीशेजारच्या लोंबोक बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर दहा दिवस राहून आलात आणि गाव मनात भरलं. तिथल्या एका दलालाने समुद्रालगतचे पाच आर दाखवले आणि म्हणाला, "गावातल्या माणसाच्या नावावर घेऊ, बाकीचे कागद नोटरी करून देईल." घ्यावी का, भाव वाढेल का, आणि राहायला कसं आहे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

या पद्धतीने घेऊ नका. दलाल कितीही गोड बोलला तरी नको. मी त्याच किनाऱ्यावर, गेरुपुकपासून मोटरसायकलने पंधरा मिनिटांवरच्या गावात 2012 ते 2019 राहिलो. कोळंबीच्या हॅचरीत तंत्रज्ञ होतो. तुम्हाला जे सांगितलं गेलं ते आम्हालाही शब्दशः सांगितलं होतं, आणि आम्ही ते केलं.

ज्यांच्या घरात मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या त्यांना सगळं गाव अमाक म्हणायचं. तिथल्या सासाक भाषेत अमाक म्हणजे बाप. त्यांच्या बायकोला इनाक, म्हणजे आई. अमाक सत्तरीला टेकलेले, दोन्ही बाजूंना बांबू बांधलेली त्यांची लांबट होडी होती. 2013 साली माझा थोरला भाऊ सुट्टीला आला. आम्ही गुहागरकडचे, समुद्र काही नवा नाही, पण दादा त्या किनाऱ्यावर उभा राहिला आणि तिथून हलेना. तिकडे जमीन आरेमध्ये मोजतात. आपल्या सातबाऱ्यावरचा आर तोच, शंभर चौरस मीटर, म्हणजे गुंठाच जवळपास. हे कळल्यावर दादाला ती जमीन पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटायला लागली.

सहा आर, आरला 40 जुता. जुता म्हणजे दहा लाख रुपिया. एकूण 240 जुता, आपले तेव्हाचे तेरा-साडेतेरा लाख. नऊ दादाचे, बाकी माझे. मी म्हणालो, पंचवीस-तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेऊ, कायद्यात बसतं. दादा म्हणाला, "भाड्याच्या जमिनीवर घर कोण बांधतं?" शेतकरी दाखला नाही म्हणून गावच्या मेव्हण्याच्या नावावर जमीन घेतलेले मुंबईतले कितीतरी लोक आमच्या ओळखीत आहेत. दादाला वाटलं, तीच तऱ्हा. तिकडे याला पिंजाम नामा म्हणतात, नाव उसनं घेणं. नाव अमाकांचं घ्यायचं ठरलं, कारण मी त्यांच्याकडेच जेवत-राहत होतो आणि ते नाही म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. यातला माझा वाटा हाच, आणि तो मला आजही टोचतो.

शहरातल्या एका नोटरीने चार कागद केले. जमीन अमाकांच्या नावावर. अमाकांनी आमच्याकडून 240 जुता कर्ज घेतलं असा करार. ते फेडेपर्यंत जमीन आमच्या ताब्यात भाड्याने. आणि विकण्या-बांधण्याचं रद्द न होणारं मुखत्यारपत्र. अमाक धुतलेला सारोंग आणि काळी टोपी घालून आले होते. वाचता येत नव्हतं, म्हणून कारकुनाने भराभर वाचून दाखवलं आणि त्यांनी चारही कागदांवर डाव्या अंगठ्याचा ठसा दिला. रात्री जेवताना त्यांनी मला विचारलं, "बाळा, मी तुझ्याकडून पैसे कधी घेतले?" मी म्हणालो, ते नुसतं कागदापुरतं आहे. ते म्हणाले, "आजवर मी कुणाचं कर्ज घेतलं नव्हतं." पुढे काही बोलले नाहीत. अंगठ्याची शाई चार दिवस गेली नव्हती, ते भात खाताना दिसायची.

पुढची चार वर्षं त्या जमिनीची राखण अमाकांनी केली. गिरीपुष्पाचं कुंपण लावलं (तिकडे त्याला गामाल म्हणतात, आपल्याकडे शेताच्या बांधावर असतं तेच), दर वर्षी जमिनीचा कर भरला, पावत्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या. कराचे पैसे द्यायला गेलो की म्हणायचे, दे सावकाश.

2017 च्या शेवटी अमाक गेले. पाच मुलं. कागदावर मालक अमाक, म्हणून वारस ही पाच. मोठा मुलगा मलेशियात पामच्या मळ्यावर होता, तो परत आला आणि तो डबा माझ्यासमोर ठेवून म्हणाला, "बाबा सांगून गेलेत, ही जमीन तुमची." पण एका बहिणीचा नवरा ऐकेना, आणि कायद्याने तोच बरोबर होता. मग ऑगस्ट 2018 चा भूकंप झाला. आमच्या दक्षिणेला फारसं काही झालं नाही, पण उत्तरेकडे पाचशेहून अधिक माणसं मेली आणि इनाकच्या माहेरची घरं बसली. पैसा हवाच होता. 2019 मध्ये वारसांनी जमीन जकार्ताच्या एका माणसाला विकली.

तेव्हा मी मातारामला, लोंबोकच्या मुख्य शहरात, एका वकिलाकडे गेलो. त्यांनी मला 1960 च्या जमीन कायद्याचं सव्विसावं कलम वाचून दाखवलं. परदेशी माणसाला मालकी मिळावी या हेतूने, सरळ किंवा आडमार्गाने, केलेला कुठलाही व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा. आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. आमचा कर्जाचा करार कोर्टात नेला असता तर तो खोटा आहे हे आमच्याच तोंडून सिद्ध झालं असतं. म्हणजे आमच्या हातात पहिल्या दिवसापासून काहीच नव्हतं.

तरी मोठ्या मुलाने आपल्या वाटणीतले 60 जुता मला आणून दिले. कुणी मागितले नव्हते, देणं लागत नव्हतं. जवळपास तीन लाख रुपये. त्यात त्याचं स्वतःचं घर झालं असतं.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळतो. भाव वाढेल का? वाढलाच आहे. शेजारी कुटाला मांदालिकाचा रेसिंग ट्रॅक झाला, नोव्हेंबर 2021 ला सुपरबाइक आणि मार्च 2022 ला मोटोजीपी तिथे झाली, विमानतळ जवळ आहे. पण मालकी हक्क, हाक मिलिक, फक्त तिथल्या नागरिकाला मिळतो. तुम्हाला राहण्याचा परवाना असेल तर हाक पाकाई म्हणजे वापराचा हक्क मिळू शकतो, 30 अधिक 20 अधिक 30 वर्षं, पण त्यात घराच्या किमान किमतीची अट आहे आणि ती स्वस्त गावच्या घराला परवडत नाही. उरतो साधा भाडेपट्टा. पट्ट्याची वर्षं दर वर्षी एकेक कमी होतात, त्यामुळे शेजारच्या जमिनीचा भाव चढला म्हणून तुमचा चढतोच असं नाही. दलाल जो भाव सांगतो तो मालकाचा असतो. समुद्रालगतचे पाच आर म्हणालात, तर भरतीच्या रेषेपासून साधारण 100 मीटरचा पट्टा बांधकाम न करता मोकळा ठेवायचा असतो हेही विचारून घ्या. आपला सीआरझेड समजा. आणि विकणाऱ्याकडे सर्तिफिकात, म्हणजे जमिनीचं सरकारी नोंदणीपत्र, आहे की नुसतं स्पोरादिक, म्हणजे ताबा असल्याचं गावपातळीवरचं पत्र, हे आधी बघा. स्पोरादिकवर एक रुपियाही देऊ नका.

राहायला? मला तिथे जितकं सुख लागलं तितकं नंतर कुठे लागलं नाही. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, बाकी वर्ष कोरडं, विहिरीला मचूळ पाणी, टँकर मागवावा लागतो. गाव लॉबस्टरच्या पिल्लांवर जगतं. इनाक आणि शेजारणी ओसरीवर बसून सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांचा कागद पंख्यासारखा चुण्या घालून दुमडायच्या आणि मधोमध बांधायच्या. ते पंखे जाळीला लावून तराफ्याखाली सोडायचे, वर दिवा. पहाटे जाळी उचलली की चुण्यांत काचेसारखी आरपार दिसणारी इवली पिल्लं बसलेली असायची. चमच्याच्या टोकाने ती एकेक मोजायला मी इनाकच्या शेजारी बसायचो. 2016 ला सरकारने ही पिल्लं पकडायला बंदी घातली, 2020 ला उठवली, त्याच वर्षी मत्स्यखात्याच्या मंत्र्याला लाच घेतल्याबद्दल अटक झाली, 2021 ला पुन्हा निर्यात बंद, 2024 ला पुन्हा वाट काढली. पहिल्या बंदीनंतर आमच्या ओळीतल्या तीन घरांनी समुद्राकडची जमीन विकली. तुम्हाला दाखवलेली जमीन कुणाची आणि तो का विकतोय, हे दलालाशिवाय एकटं जाऊन विचारा. चहा देतील, खरं सांगतील.

मी वकील नाही, आणि 2021 साली नियमांत काही बदल झालेत, तेव्हा तुमच्या बाजूचा, दलालाच्या ओळखीचा नसलेला वकील गाठा. इंडोनेशियन व्यक्तीशी लग्न असेल किंवा तिथे कंपनी काढणार असाल तर गणित वेगळं आहे, त्यातलं मला फारसं कळत नाही. पण सध्या एक वर्ष खोली भाड्याने घ्या, एक पावसाळा काढा, बहासा म्हणजे इंडोनेशियन भाषा शिका.

हे एवढं लांबवलं कारण आमच्या घरात प्रत्येक लग्नात, बारशाला दादा हीच गोष्ट सांगतो: "तिकडच्या लोकांनी आमच्या भाबड्या भावाला फसवलं." मी सहा वर्षं गप्प बसलो. दादा, अमाकांनी न घेतलेल्या कर्जावर आपल्यासाठी अंगठा दिला. त्यांच्या मुलाचे ते 60 जुता मी पूर्णच्या पूर्ण तुला पाठवले, 2019 च्या डिसेंबरात. पासबुक काढून बघ.