लेन्स मोबाईलवरून मागवू का?

प्रश्न: ताई, मला मायनस ६ चा चष्मा आहे. मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे. इन्स्टावर एक जण ग्रे लेन्स लई स्वस्तात द्यायलाय, म्हणतो चष्म्याचा नंबर व्हॉट्सॲप करा, बाकी काही लागत नाही. घेऊ का?
– एक वाचक, केज

उत्तर: त्याच्याकडून नको गं. चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा नसतो, चष्मा डोळ्यापासून थोडा लांब असतो आणि लेन्स थेट बुबुळावर बसते, त्यामुळं मायनस ६ असला की लेन्सचा साधारण मायनस ५.५० येतो. त्यात बेस कर्व्ह आणि डायमीटर, म्हणजे लेन्सची गोलाई आणि रुंदी, हे डोळा तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि जो विचारतच नाही त्याला तुझ्या डोळ्याचं काही पडलेलं नाही. नुसत्या कलरच्या, झिरो नंबरच्या लेन्सलाही हे सगळं लागतंच.

आधी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजात किंवा बीडला डोळ्याच्या डॉक्टरला दाखव, ट्रायल लेन्स घालून बघ, घालायची-काढायची कशी ते तिथंच शिक, आणि पॉवर, बेस कर्व्ह, डायमीटर, कंपनी सगळं कागदावर लिहून घे. मग खुशाल ऑनलाइन मागव, पण जो प्रिस्क्रिप्शन मागतो आणि पक्कं बिल देतो त्याच्याकडूनच. डबा आला की आकडे कागदाशी ताडून बघ, एक्स्पायरी, लायसन्स नंबर, बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नावही बघ. सील जरा जरी उचकटलेलं असलं तर परत कर.

आता पाण्याचं, हे मला कळकळीनं सांगायचंय. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, टाकीत, हौदात साठवलेलं असतं, आणि अशा पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असू शकतो, तो लेन्सखाली गेला तर बुबुळ खराब होतं, नजर जाऊ शकते. बोअरचं, जारचं, उकळलेलं, कुठलंच पाणी लेन्सला लावायचं नाही, फक्त लेन्स धुवायचं-बुडवून ठेवायचं सोल्युशन, तेही रोज नवीन, कालच्यात भर टाकायची नाही. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे कर. लग्नापुरत्याच हव्यात तर एक दिवसाच्या डिस्पोजेबल बघ, घातल्या, काढल्या, फेकल्या. लेन्स आधी, मेकअप नंतर. आणि कितीही दमलीस तरी लेन्स घालून झोपू नको.

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरकडं जा, मेडिकलवरून आपल्या मनानं ड्रॉप आणून टाकू नको.