दोन्ही ७.६२, तरी गोळी वेगळी

प्रश्न : मुलगा पायदळात आहे. म्हणाला, इन्सास रायफल गेली, एके-२०३ मिळाली, गोळी ७.६२ ची. तुमच्या वेळची जुनी एसएलआर रायफलही ७.६२ चीच होती ना? मग आपण मागे गेलो का?
– एक पालक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : नाही हो भाऊ. ७.६२ मिलिमीटर ही गोळीची साधारण जाडी. एसएलआरच्या काडतुसाचं पितळी कवच ५१ मिलिमीटर लांब, एके-२०३ चं ३९. एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. एके-२०३ च्या काडतुसात बंदुकीची दारू कमी, म्हणून धक्काही कमी. एसएलआरच्या फायरिंगनंतर माझा उजवा खांदा काळानिळा व्हायचा, संध्याकाळी शर्टात हात घालवत नसे. इन्सासची ५.५६ हलकी, जवान राउंड, म्हणजे काडतुसं, जास्त नेऊ शकतो. हा गुण मी कधीच नाकारणार नाही. पण जवळच्या चकमकीत जड गोळीचा तडाखा हवा होता. लांबच्या माऱ्यासाठी ५१ वाली सिग ७१६ रायफल आहेच, २०१९ मध्ये ७२,४०० मागवल्या. एके-२०३ चा ६ लाखांवर रायफलींचा करार २०२१ चा, बनतात अमेठीजवळ कोरव्याला. मला सगळ्यात आवडलं ते एके-२०३ चं बट, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग. लांब-आखूड होतं, बुलेटप्रूफ जाकिटावरही खांद्याला नीट टेकतं. पोराला विचारा, तो हेच आधी सांगेल.